घरच्या सीएनसीवर पीसीबी काढायचाय? मग सॉफ्टवेअर मशीनच्या टोकाकडून बसवत या

३०१८ टाइपचं छोटं सीएनसी राउटर हल्ली बऱ्याच जणांकडे असतं. लाकडावर नावबिव कोरून झालं की पुढचा किडा डोक्यात वळवळतो तो म्हणजे यावर सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी, काढता येईल का. येतो, आणि बऱ्यापैकी छान येतो. फेरिक क्लोराइडचे डाग, इस्त्री फिरवून टोनर ट्रान्सफर, अर्धवट उठलेले ट्रॅक परमनंट मार्करने भरत बसणं, ही सगळी भानगड सुटते. पण मशीन जोडायला जेवढा वेळ लागत नाही त्याच्या दुप्पट वेळ सॉफ्टवेअर बसवण्यात जातो आणि निम्मे लोक तिथेच कंटाळून सोडून देतात.

याचं कारण माझ्या मते एकच आहे, लोक उलट्या क्रमाने बसवतात. आधी कायकॅड (बोर्डाचं डिझाइन करणारं सॉफ्टवेअर), मग गर्बरचं (डिझाइनमधून निघणारी बोर्डाच्या थरांची फाइल) जीकोड (मशीनला कसं हलायचं ते सांगणाऱ्या ओळी) करणारं काहीतरी, मग ते मशीनला पाठवणारं काहीतरी, आणि सगळ्यात शेवटी यूएसबी केबल लावतात. मग मशीन हलत नाही आणि चूक नक्की कुठेय ते कळायला मार्गच उरत नाही, कारण चारही गोष्टी नव्या आहेत. त्यापेक्षा मशीनकडून मागे या. आधी मशीन बोलतंय का ते बघा, मग पाठवणारं सॉफ्टवेअर, मग जीकोड बनवणारं, आणि डिझाइनचं सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीला काहीतरी चालू झालेलं दिसतं आणि अडलात तर कुठे अडलात ते लगेच समजतं.

मी इथे उबुंटू धरून सांगतोय, मिंट किंवा डेबियन असेल तरी जवळपास हेच. विंडोजवाल्यांसाठी मध्ये एक पॅरा आहे. आणि कमांड मी बोलल्यासारख्या देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं, जिथे कॅपिटल लागतं तिथे तसं सांगितलंय.

आधी कोण काय करतं ते

मशीनच्या बोर्डावर जीआरबीएल नावाचं फर्मवेअर, म्हणजे मशीन चालवणारा आतला प्रोग्राम, असतं. २००९ मध्ये सुरू झालेला हा ओपन सोर्स प्रोजेक्ट आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा ३२८ चिपवर चालतो, आणि स्वस्तातल्या ३०१८ मशीनच्या कंट्रोलरवर बहुतेक वेळा हाच आधीपासून टाकलेला असतो. त्याला जीकोडच्या ओळी एकामागून एक लागतात, त्या भरवणारा प्रोग्राम म्हणजे सेंडर. सेंडरसाठी आपण बीसीएनसी घेऊ. गर्बर फाइलमधून जीकोड काढायचं काम पीसीबीटूजीकोड करेल. आणि गर्बर येणार कायकॅडमधून. सगळं फुकट आणि सगळ्याचा सोर्स खुला.

गर्बरचं जीकोड करणारा फ्लॅटकॅम का नाही घेतला हा प्रश्न येणारच. फ्लॅटकॅम चांगलाय, खिडकीत सगळं डोळ्यांनी दिसतं, माउसने करता येतं. विंडोजवर बीटा व्हर्जनचा इन्स्टॉलर आहे तो घ्या आणि मजेत वापरा. पण लिनक्सवर नव्या पायथनवर तो बसवणं म्हणजे डोक्याला ताप आहे. जुनं ८.५ पायथन २ वर चालणारं, आणि पायथन २ चा सपोर्ट २०२० च्या सुरुवातीलाच बंद झाला. बीटा पायथन ३ वर आहे पण त्याला लागणाऱ्या लायब्ररी पुढे निघून गेल्या, उदाहरणार्थ शेपली २.० आली आणि तिने जुनी लिहायची पद्धत बंद केली, त्यामुळे बीटाचा कोड मध्येच कुठेतरी आपटतो. मग शेपली दोनच्या खालची टाका, मग व्हिस्पाय जुनी टाका, मग पायक्यूटी कुरकुर करतं, असं चालू राहतं. ज्याला पायथनची सवय आहे त्याने करावं, पहिलाच पीसीबी काढणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पीसीबीटूजीकोडला खिडकी नाही, एक टेक्स्ट फाइल लिहावी लागते, पण ती एकदा जमली की पुढच्या प्रत्येक बोर्डाला तीच कॉपी करायची.

यूएसबी पोर्ट

केबल लावा, मशीनचा २४ व्होल्टचा ॲडॉप्टर चालू करा आणि टर्मिनलमध्ये सुडो डीमेसेज (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) मारा. शेवटच्या ओळींत सीएच३४१ किंवा सीएच३४० असं काहीतरी (मशीनच्या यूएसबी चिपचं नाव) दिसायला पाहिजे आणि त्यापुढे टीटीवाय-यूएसबी-० हे नाव. हा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो, वेगळा डाउनलोड करायची गरज नाही. यूट्यूबवर कोणीतरी ड्रायव्हर कंपाइल करताना दिसलं तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा.

आता इथे उबुंटू २२.०४ वाल्यांची एक खास गंमत आहे. डीमेसेजमध्ये पोर्ट येतो आणि पुढच्याच ओळीत गायब होतो, आणि तिथे बीआरएलटीटीवाय असं नाव दिसतं. हा अंध लोकांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्राम आहे, त्याच्या यादीत सीएच३४० चा आयडी असल्यामुळे तो तुमच्या सीएनसीला ब्रेल मशीन समजून ताब्यात घेतो. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर सुडो ॲप्ट रिमूव्ह बीआरएलटीटीवाय, केबल काढून परत लावा, पोर्ट टिकेल. या एका कारणापायी लोकांनी मशीनचा बोर्ड जळाला समजून परत पाठवलेत, म्हणून एवढं लिहिलं.

दुसरी गोष्ट परमिशनची. साध्या युजरला सिरियल पोर्ट उघडायची परवानगी नसते, डायलआउट नावाच्या ग्रुपमध्ये स्वतःला घालावं लागतं. कमांड आहे सुडो यूजरमॉड, स्पेस, डॅश ए-जी, त्यातला ए स्मॉल आणि जी कॅपिटल, मग डायलआउट, मग तुमचं युजरनेम. तो स्मॉल ए विसरू नका, विसरलात तर बाकीच्या ग्रुपमधून तुमचं नाव निघून जातं आणि मग सुडोच चालेनासं होतं. कमांड झाली की लॉगआउट करून परत लॉगिन, नुसतं टर्मिनल बंद करून उघडलं तर फरक पडत नाही. काही जण दर वेळी सीएचमॉड ७७७ मारत बसतात, केबल काढली की ते पुसलं जातं, त्यापेक्षा हे एकदाच करा.

केबल आखूड आणि जाडसर घ्या. ३०१८ सोबत येणारी निळी केबल चालते, पण स्पिंडलची, म्हणजे कापणारं बिट फिरवणारी, मोटर चालू झाली की तिच्या नॉइजमुळे कनेक्शन तुटायचा प्रकार होतो, फेराइट रिंग असलेली केबल असेल तर तो त्रास बराच कमी होतो.

बीसीएनसी

नव्या उबुंटूवर सरळ पिप इन्स्टॉल मारलं तर एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट असा लांबलचक एरर येतो. म्हणजे सिस्टमच्या पायथनमध्ये पिपने हात घालू नको असं ते सांगतंय, आणि बरोबरच सांगतंय. तिथे ब्रेक सिस्टम पॅकेजेसवाला ऑप्शन लावायचा मोह आवरा आणि वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, पाच मिनिटांचं काम आहे.

आधी ॲप्टने दोन पॅकेजं टाका, पायथन३-व्हीएन्व्ह आणि पायथन३-टीके. यातलं टीके महत्त्वाचं, बीसीएनसीची खिडकी टीकेइंटरवर बनलीय आणि ते पिपने येत नाही, ॲप्टनेच येतं, नसेल तर नो मॉड्यूल नेम्ड टीकेइंटर म्हणून बसतं. मग होम फोल्डरमध्ये पायथन३, डॅश एम, व्हीएन्व्ह, आणि पुढे फोल्डरला हवं ते नाव, समजा सीएनसी. मग सोर्स, त्या सीएनसी फोल्डरच्या बिनमधली ॲक्टिव्हेट फाइल. प्रॉम्प्टच्या आधी कंसात सीएनसी दिसलं की तुम्ही आत आलात. आता पिप इन्स्टॉल बीसीएनसी, आणि झालं की पायथन, डॅश एम, बीसीएनसी. इथे मात्र चालवताना बी स्मॉल आणि पुढचं सीएनसी कॅपिटल, नाहीतर मॉड्यूल सापडत नाही. पुढच्या वेळी परत ॲक्टिव्हेट करून मगच चालवायचं, किंवा दोन ओळींची शेल स्क्रिप्ट करून डेस्कटॉपवर ठेवा.

खिडकी उघडली की पहिल्यांदा बघून घाबरायला होतं, एवढी बटणं. आपल्याला सध्या फक्त पोर्ट आणि बॉडरेट (पोर्टवर बोलण्याचा वेग) भरायचाय. पोर्ट टीटीवाय-यूएसबी-०, बॉडरेट १,१५,२००, कंट्रोलर जीआरबीएल१. ओपन दाबा. टर्मिनल टॅबमध्ये जीआरबीएल १.१ वगैरे लिहून आलं तर मशीन बोलायला लागलं. स्टेटस अलार्म दाखवत असेल तर अनलॉकचं बटण दाबा, किंवा डॉलर-एक्स पाठवा.

इथेच थांबून डॉलर-डॉलर पाठवा. सगळ्या सेटिंगची यादी येते, ती कॉपी करून एका फाइलमध्ये जपून ठेवा, पुढे कधी काही बिघडलं तर हीच कामाला येते. यादीत तीन गोष्टी बघायच्या. डॉलर १०० ते १०२ हे एक मिलिमीटर सरकायला किती स्टेप लागतात तो आकडा, ३०१८ ला साधारण ८०० असतो कारण मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हर १६ भागांत तोडतो म्हणजे ३,२००, आणि स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर पुढे नेतो. एक्स ५० मिलिमीटर सरकवून पट्टीने मोजा, ५० च भरलं पाहिजे. दुसरं डॉलर ३२, हा लेझर मोड, लेझरसकट मशीन घेतलं असेल तर तो १ असू शकतो, राउटर म्हणून वापरताना ० करा. तिसरं डॉलर ३०, स्पिंडलचा जास्तीत जास्त स्पीड. हे नीट लक्षात ठेवा. इथे १०,००० असेल आणि तुमच्या जीकोडमध्ये एस १००० आला तर स्पिंडल दहा टक्क्यांवर रेंगाळत फिरणार आणि बारीक बिट तांब्यात घुसताक्षणी मोडणार. फाइलमधला स्पीड आणि हा आकडा एकमेकांशी जुळले पाहिजेत, एवढंच.

प्रोब

पीसीबीसाठी प्रोब लागतोच, त्याच्याशिवाय बोर्ड निघतो असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कंट्रोलरवर ए५ किंवा प्रोब असं लिहिलेली पिन आणि ग्राउंड, दोन वायरींना दोन क्रोकोडाइल क्लिप. एक बिटला, एक तांब्याच्या शीटला. संपला खर्च. बिट शीटला टेकलं की सर्किट पूर्ण होतं आणि जीआरबीएलला समजतं की पृष्ठभाग इथे आहे.

चालतोय का ते मशीन न हलवता तपासा. दोन्ही क्लिप हाताने एकमेकांना टेकवा आणि टर्मिनलमध्ये प्रश्नचिन्ह पाठवा, उत्तरात पीएन कोलन पी असं दिसलं पाहिजे, क्लिप सोडल्या की जायला पाहिजे. हे दिसत नसताना प्रोबिंग सुरू केलं तर बिट शीटमधून आरपार खाली जाईल. अलार्म ४ आला तर प्रोब आधीपासूनच टेकलेला दाखवतोय, म्हणजे कुठेतरी शॉर्ट. अलार्म ५ म्हणजे सांगितलेलं अंतर खाली गेला तरी काही लागलंच नाही, म्हणजे क्लिप सुटली असेल, किंवा तांब्यावर ऑक्साइडचा थर आहे, शीट स्कॉचब्राइटने घासून घ्या.

विंडोज असेल तर

सीएच३४० चा ड्रायव्हर टाका, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम नंबर बघा, आणि बीसीएनसीच्या ऐवजी कँडल वापरा. झिप उघडली की चालतो, इन्स्टॉल करायलाही लागत नाही, आणि हाइट मॅप (शीट कुठे उंच, कुठे खोल त्याचा नकाशा) त्यात आतच आहे. मशीनसोबतच्या पेनड्राइव्हमध्ये जीआरबीएल कंट्रोल नावाने त्याचंच जुनं रूप असतं बऱ्याचदा, ते नको, नवं उतरवून घ्या. जावा चालत असेल तर युनिव्हर्सल जीकोड सेंडर पण उत्तम, त्याच्या प्लॅटफॉर्मवाल्या आवृत्तीत तेच काम करणारा ऑटोलेव्हलर आहे, आणि हा लिनक्सवर पण चालतो, म्हणजे बीसीएनसी नाही आवडलं तर इकडे या.

पीसीबीटूजीकोड

सुडो ॲप्ट इन्स्टॉल पीसीबीटूजीकोड, टाइप करताना टू च्या जागी आकडा २. बस. सोबत जर्बव्ही पण टाकून घ्या, गर्बर उघडून बघायला लागतो.

झालं की पीसीबीटूजीकोड डॅश डॅश व्हर्जन मारून नंबर बघा. १ ने सुरू होत असेल तर डिस्ट्रो फार जुनी आहे. १ आणि २ मध्ये ऑप्शनची नावं बदललीत, आणि नेटवर सापडणाऱ्या अर्ध्या रेसिपी अजून जुन्याच आहेत. त्यात ऑफसेट आणि एक्स्ट्रा पासेस असे शब्द दिसले तर त्या जुन्या समजा, नव्यात त्या जागी मिल-डायमीटर्स आणि आयसोलेशन-विड्थ आहेत.

सोर्समधून बांधायचं असेल तर गिट क्लोन करा, मग ऑटोरीकॉन्फ डॅश एफव्हीआय, कॉन्फिगर, मेक, सुडो मेक इन्स्टॉल, नेहमीची मिरवणूक. त्याआधी बिल्ड-इसेन्शियल, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, बूस्टचं प्रोग्राम ऑप्शन्स, लिबजर्बव्ही, जीटीकेएमएम २.४ आणि आरएसव्हीजी यांची डेव्ह पॅकेजं लागतात. आणि ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह. हे शेवटचं सगळे विसरतात, मग कॉन्फिगर करताना एएक्स ने सुरू होणारं काहीतरी अगम्य नाव दाखवून सिंटॅक्स एरर येतो आणि माणूस तासभर बूस्टच्या मागे लागतो. कमी रॅमच्या रास्पबेरी पायवर कंपाइल करत असाल तर मेकला डॅश जे लावू नका, बूस्ट जिओमेट्री रॅम खाऊन टाकते आणि रास्पबेरी पाय गोठून बसतो. चहा पिऊन या, जेवूनही या.

आता ती टेक्स्ट फाइल. गर्बर ज्या फोल्डरमध्ये आहेत तिथेच मिलप्रोजेक्ट नावाची फाइल करा, पुढे एक्स्टेन्शन काही नाही. पीसीबीटूजीकोड त्या फोल्डरमध्ये नुसतं चालवलं की ती आपोआप वाचतो. प्रत्येक ओळीत ऑप्शनचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत.

पहिल्या दोन ओळी मेट्रिक बरोबर ट्रू आणि मेट्रिकआउटपुट बरोबर ट्रू. या नसतील तर तो इंच धरतो, आणि मग ०.१ म्हणजे अडीच मिलिमीटर खोल. कळलं ना.

मग बॅक समोर तळाच्या कॉपरची गर्बर, ड्रिल समोर ड्रिलची फाइल, आउटलाइन समोर कडेची. झीरो-स्टार्ट ट्रू, म्हणजे सगळ्या फाइलींचा कोपरा शून्यावर येतो आणि नेगेटिव्ह आकड्यांत डोकं घालावं लागत नाही.

जीआरबीएल सगळा जीकोड समजत नाही, त्यामुळे तीन ओळी सक्तीच्या. नोजी८१ ट्रू, कारण ड्रिलचं कॅन्ड सायकल (एका कमांडमध्ये पूर्ण होल पाडणं) जीआरबीएलला येत नाही. नोजी६४ ट्रू. नोएम६ ट्रू, कारण टूल चेंजची कमांड त्याला माहीत नाही. यातलं काही राहिलं तर मशीन मध्येच एरर २० म्हणून थांबतं. शिवाय पीसीबीटूजीकोडचा स्वतःचा एक ऑटोलेव्हलर आहे, एएल-फ्रंट आणि एएल-बॅक नावाचा, तो लिनक्ससीएनसी आणि माक या दुसऱ्या कंट्रोल सॉफ्टवेअरसाठी लिहिलेला, जीकोडमध्ये व्हेरिएबल वापरतो, आणि जीआरबीएलला व्हेरिएबल समजत नाहीत. त्याला हात लावू नका, ते काम बीसीएनसीचं.

ट्रॅकच्या आकड्यांवर जरा वेळ घालवू, कारण बोर्ड चांगला येणार की भंगार ते इथे ठरतं. साध्या शीटवर तांबं ३५ मायक्रॉन असतं, म्हणजे ०.०३५ मिलिमीटर. तेवढं कापायला झेडवर्क वजा ०.०८ च्या आसपास पुरतं, वजा ०.१ पर्यंत ठीक. व्ही बिट जेवढं खोल जाईल तेवढं रुंद कापतं, हिशोब असा की टोकाची रुंदी अधिक खोलीच्या दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन. ३० अंशाचं आणि ०.१ टोकाचं बिट ०.१ खोल गेलं तर कट ०.१५ येतो, ०.२५ खोल गेलं तर ०.२३. तेव्हा मिल-डायमीटर्सला ०.१ नाही, ०.१५ लिहा. पाकिटावर ०.१ छापलंय म्हणून ०.१ लिहिणारे लोक मग ट्रॅक बारीक का झाले म्हणून विचारत फिरतात.

आयसोलेशन-विड्थ ०.४ ठेवा, म्हणजे ट्रॅकच्या भोवती तो बऱ्याच फेऱ्या मारून रुंद चर काढेल, हाताने सोल्डर करताना शॉर्ट होत नाही. वेळ वाढतो, वाढू दे. मिल-फीड १०० ते १५० मिलिमीटर प्रति मिनिट, मिल-स्पीड मगाशी सांगितलं तसं डॉलर ३० बघून. झेडसेफ २. ड्रिलसाठी झेडड्रिल वजा १.८, १.६ च्या शीटला आरपार जायला पुरतं, ड्रिल-फीड ५०. कडा कापायला एक मिलिमीटरचं कॉर्न बिट, कटर-डायमीटर १, झेडकट वजा १.८, कट-इन्फीड ०.४ म्हणजे एका दमात सगळं न कापता थरथराने खाली जाईल. आणि ब्रिजेस १.५, ब्रिजेसनम ४, नाहीतर शेवटच्या फेरीत बोर्ड सुटून बिटला आपटतो.

चालवलं की त्याच फोल्डरमध्ये बॅक, ड्रिल आणि आउटलाइन नावाच्या एनजीसी फाइली पडतात, सोबत एसव्हीजी चित्रं. ही चित्रं ब्राउझरमध्ये उघडून डोळे फाडून बघा. दोन पॅडच्या मधून रेघ गेली नसेल तर ते दोन पॅड बोर्डवर चिकटलेलेच राहणार, बिटला तिथे जायला जागा नव्हती एवढाच त्याचा अर्थ.

कायकॅड

उबुंटूच्या स्टोअरमधलं व्हर्जन मागे असतं, त्यामुळे कायकॅडची स्वतःची पीपीए (ॲप्टसाठीचा वेगळा सॉफ्टवेअर साठा) जोडा, नवव्या व्हर्जनसाठी ती पीपीए कोलन कायकॅड स्लॅश कायकॅड-९.०-रिलीझेस अशी आहे, सुडो ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरीने जोडायची, मग ॲप्ट अपडेट आणि इन्स्टॉल कायकॅड. लायब्ररी धरून डाउनलोड मोठा आहे, मोबाइल हॉटस्पॉटवर असाल तर थ्रीडी मॉडेल्स वगळा. फ्लॅटपॅक पण आहे.

डिझाइनमध्ये मिलिंगसाठी थोडी सढळ सवय लावा. ट्रॅक ०.८, अंतर ०.४ किंवा जास्त, पॅड मोठे, शक्यतो एकाच बाजूला म्हणजे बी डॉट सीयू लेयरवर ट्रॅक आणि वरून थ्रू-होल, म्हणजे पाय होलातून जाणारे, पार्ट. ग्राउंडचं झोन सोडलं तरी चालतं, आयसोलेशनमुळे उरलेलं तांबं तसंही राहतंच. सेटिंग बोर्ड सेटअपमध्ये आधीच भरा म्हणजे डीआरसी (डिझाइनचे नियम तपासणारं टूल) वेळेवर ओरडेल.

गर्बर काढायच्या आधी ड्रिल अँड प्लेस ओरिजिन बोर्डच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात ठेवा. मग प्लॉटच्या खिडकीत बी डॉट सीयू आणि एज डॉट कट्स एवढेच लेयर, आणि ड्रिल ओरिजिन वापरायची टिक. ड्रिल फाइलच्या खिडकीत पण तोच ओरिजिन, युनिट मिलिमीटर, आणि पीटीएच व एनपीटीएच (आतून तांबं चढवलेली आणि न चढवलेली होलं) एकाच फाइलमध्ये मर्ज. दोन्हीकडे ओरिजिन वेगळा राहिला की ट्रॅक एकीकडे आणि होल भलतीकडे.

मिररची काळजी करू नका, बॅक म्हणून दिलेली फाइल पीसीबीटूजीकोड स्वतः उलटवतो. खात्री हवी असेल तर बी डॉट सीयूवर कोपऱ्यात एखादं अक्षर टाका, कायकॅडमध्ये ते उलटं दिसेल, आणि जीकोड बीसीएनसीत उघडल्यावर सुलटं वाचता आलं पाहिजे. नाहीतर आयसीचे पाय आरशातले होतात आणि ते बोर्ड पूर्ण झाल्यावरच कळतं.

पहिला बोर्ड

शीट मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास सहज मिळते. ग्लास इपॉक्सी मजबूत, पण त्याची धूळ म्हणजे काचेची भुकटी, बिटही लवकर बोथट होतं. सरावाला तपकिरी पेपर फिनॉलिक घ्या. दोन्हीला मास्क आणि गॉगल लावाच, व्हॅक्युमची नळी शेजारी धरली तर उत्तम. फुंकर मारू नका, ती धूळ तुमच्याच नाकात येते.

खाली एमडीएफची फळी, तिच्यावर डबल टेपने शीट पूर्ण चिकटवा, नुसते कोपरे नाही. मध्ये फुगवटा राहिला तर हाइट मॅप पण फार मदत करत नाही, कारण बिट दाबल्यावर शीट खाली बसते.

बॅक फाइल बीसीएनसीत उघडा, डावा खालचा कोपरा गाठून एक्स आणि वाय शून्य करा. प्रोबच्या क्लिप लावा, झेड प्रोब करून शून्य करा. मग प्रोब टॅबमधलं ऑटोलेव्हल, तिथे मार्जिन्सचं बटण दाबलं की फाइलमधला एरिया आपोआप भरतो. दर दहा मिलिमीटरला एक पॉइंट पुरे, झेड वर २ आणि खाली वजा १. स्कॅन. तेवढ्या वेळात मशीन टुकटुक करत सगळीकडे टेकून येतं आणि शीट किती वाकडी आहे त्याचा नकाशा बनतो, तो सेव्ह करा. ०.२ मिलिमीटरचा चढउतार अगदी नॉर्मल आहे, आणि आपण कापतोय ०.०८, यावरून समजा हाइट मॅपशिवाय का भागत नाही.

क्लिप काढा. मी परत लिहितो, बिटवरची क्लिप काढा, मग स्पिंडल चालू करा.

लॅपटॉपचा स्लीप बंद करा, स्क्रीन सेव्हर बंद करा. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तिथे मशीनचा ॲडॉप्टर छोट्या यूपीएसवर लावा, कारण ३०१८ ला बहुतेक वेळा लिमिट स्विच नसतात आणि लाइट गेली की मशीन आपली जागा विसरतं. शून्याच्या जागी बोर्डाबाहेर एक बारीक खूण ड्रिल करून ठेवली तर निदान परत तिथे येता येतं.

क्रम आयसोलेशन, मग ड्रिल, मग आउटलाइन. दर वेळी बिट बदललं की झेड परत प्रोब करायचं, एक्स आणि वायला अजिबात हात लावायचा नाही. बिट बदलताना स्पिंडल हाताने दाबून गँट्री सरकवली जात नाही ना ते बघा, बिट धरणाऱ्या कोलेटचा नट ढिला करताना हमखास ढकललं जातं, मोटर लॉक राहाव्यात म्हणून डॉलर १ ला २५५ करून ठेवता येतं. ड्रिलच्या फाइलमध्ये साइज बदलायची वेळ आली की प्रोग्राम थांबतो, तेव्हा नवं ड्रिल लावून झेड बघून पुढे चालू करा. सुरुवातीला सगळी होलं ०.८ ची ठेवलीत तर हा खोळंबाच नाही, मोठ्या पायाचे पार्ट नंतर हाताने मोठे करता येतात.

बोर्ड निघाला की कडेचे चार ब्रिज कटरने तोडा, स्कॉचब्राइटने हलकं घासा म्हणजे चरांमधली तांब्याची कुसळं निघतात, आणि पार्ट लावायच्या आधी मल्टिमीटर बीपवर ठेवून शेजारशेजारचे ट्रॅक तपासा. बीप आला तर तो चर ब्लेडने एकदा ओढून घ्या. फार ठिकाणी बीप येत असेल तर हाताने साफ करत बसू नका, झेडवर्क ०.०२ ने आणखी खोल करून बॅक फाइल परत बनवा आणि शीट अजून टेपवरून सुटलेली नसेल तर ती त्याच शून्यावर परत चालवा.